अकरा सेकंदांचा नमुना

१

सकाळी साडेसातला मावशीचं मशीन सुरू व्हायचं आणि चिमीची झोप तिथंच संपायची. घर म्हणजे एकच लांबट खोली, मधे कपड्यांचं कपाट आडवं टाकून तिचे दोन भाग केलेले. खिडकीकडच्या भागात मावशीचं शिवणाचं मशीन, कापायचं मेज आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. कपाटामागे चिमीचा संगणक, दोन स्पीकर, एक मायक्रोफोन आणि वायरींचं असं जंजाळ, की केर काढायला गेलेला माणूस तोंडावर पडावा.

मावशी सख्खी, आईची थोरली बहीण. चिमी चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हा मावशीनं तिला जे कडेवर घेतलं ते अजून खाली ठेवलंच नाही म्हणा ना. स्वतःचा संसार मांडला नाही. लोकांचे कोट, शाळेचे गणवेश, इस्पितळातल्या नर्सबाईंचे झगे शिवत तिनं पोर मोठी केली. आता पोर तेवीस वर्षांची झाली होती आणि यंत्रावर नाचायचं संगीत बनवत होती. मावशीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "तुझं ते दळण चालू दे," एवढंच ती म्हणायची आणि टाचण्या ओठांत धरून कामाला लागायची. टाचण्या तोंडात असल्या की मावशी बोलायची नाही. काही विचारलं तर नुसतं "हं".

चिमी खऱ्या आवाजांपासून ठोके बनवायची. नळाची धार, दुकानाचं शटर, बसचं दार, लोखंडी जिना. पण घरात बसून काहीही टिपायला जावं तर त्यात मावशी यायचीच. शटरच्या मागे सपातांची फटफट, नळाच्या मागे खोकला. चिमी कातावून जायची.

संगणकात एक सोय असते. नको असलेल्या आवाजाचा एक तुकडा त्याला द्यायचा, त्याला नमुना म्हणतात. संगणक तो ओळखून ठेवतो, आणि मग तसला आवाज जिथं सापडेल तिथून खड्यासारखा वेचून बाहेर काढतो. या धंद्यातली पोरं नमुना घेताना एक नियम पाळतात. नमुना पंख्याचा घ्यावा, वायरीच्या गुणगुणीचा घ्यावा, पण त्या वेळी खोलीत जिवंत माणूस हलता कामा नये. नियम साधाच, काम बिघडू नये म्हणून केलेला. चिमीला तो पाठ होता. पण त्या दिवशी तिचं डोकं तापलेलं होतं. तिनं कपाटावर मायक्रोफोन ठेवला, तोंड मावशीकडे केलं आणि मावशीला न सांगता बटण दाबलं.

अकरा सेकंद. सपातांची चार पावलं. कात्री मेजावर ठेवल्याचा आवाज. मग थोडं मोकळं. मग दुहेरी खोकला. मशीनचे सातआठ टाके. आणि शेवटी, कोण जाणे कशाला, एक "हं".

हे सगळं नको, असं तिनं संगणकाला सांगितलं.

२

हे नाचाचे मेळे चोरून भरायचे. आणि भरायचे दिवसाउजेडी, कारण रात्रीचा आवाज गावभर जातो आणि पोलीस येतात. दिवसा कारखान्यांच्या धडधडीत सगळं खपून जातं. पत्ता आधी कुणालाच ठाऊक नसायचा. तासभर अगोदर फोनवर यायचा. हे सगळं जमवणाऱ्या माणसाला सगळे दाढी म्हणत. त्याचं खरं नाव त्याच्या आईला तरी आठवत असेल की नाही, अशी पोरं थट्टा करायची.

चिमीची पहिली पाळी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात आली. दुपारचे दोन. शेदोनशे पोरं, भिंतींना अजून ओल. कुणी तिला ओळखत नव्हतं, आणि पहिली दहा मिनिटं कुणी तिच्याकडे फारसं लक्षही दिलं नाही.

या संगीतात एक जागा असते. ठोके चढवत चढवत न्यायचे आणि ऐन टोकाला सगळं एकदम तोडायचं. दोनतीन सेकंद काही नाही. मग पुन्हा ठोका पडतो तेव्हा पोरं वेडी होतात. सगळेच हे करतात. पण सगळ्यांच्या त्या थांब्यात काही ना काही उरलेलं असतं, थोडी खरखर, थोडा वारा. चिमीनं तोडलं तेव्हा काहीच उरलं नाही. इतकं काहीच नाही, की पोरांना आपले स्वतःचे श्वासही ऐकू येईनात. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं कानाला हात लावून पाहिला.

ठोका पडला आणि कारखाना हादरला.

दाढी धावत आला. ती पोकळी कशी केलीस म्हणून त्यानं तीनतीनदा विचारलं. घरातला आवाज काढून टाकला, असं चिमीनं सांगितलं. तो हसला. बाकीचेही काढतात की, म्हणाला, पण असं विहिरीत वाकून बघितल्यासारखं कुणाचं होत नाही. पुढच्या शनिवारचं त्यानं तिथंच पक्कं केलं.

३

त्यानंतर आठवडाभरात कधीतरी, नेमका दिवस चिमीला पुढं आठवेना, ती संगणकावर बसली असताना खांद्याशी चहाचा कप आला. ती केवढ्यानं दचकली. मावशी मागे उभी.

"भूत बघितल्यासारखी काय करतेस?" मावशी म्हणाली. "चहा आहे."

चिमीनं खाली पाहिलं. पायांत त्याच सपाता होत्या, टाचेला झिजलेल्या, गेली सहा वर्षं फटफट वाजून तिच्या डोक्यात गेलेल्या. मावशी वळली, कपाटाला वळसा घालून मेजाकडे गेली. सपाता टाचेवर आपटताना दिसत होत्या. दिसत होत्या, एवढंच.

चिमीनं मनाची समजूत घातली. कान दिवसभर ठोक्यांनी भरलेले असतात. सपातांचा रबर नरम पडला असेल. फरशीवर कापडाच्या कातरणांचा थर असतो. एक नाही, तीन कारणं सापडली, आणि तिला बरं वाटलं.

पण मग कोपऱ्यावरची बेकरीवाली कोट न्यायला आली आणि तक्रार करून गेली. दुकानात पाठमोरी उभी होते तर तुझी मावशी कधी आत आली ते कळलंच नाही, हातातला ट्रे सुटला माझ्या. मावशीला याचं भारी हसू आलं. म्हातारपणी चोऱ्या करायला बरी, म्हणाली. ती हसली तेव्हा चिमी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हसू ऐकू आलं होतं. तेवढ्यावर तिनं समाधान मानलं.

४

तीन महिन्यांत चिमीचं नाव झालं. बर्फाच्या कारखान्यानंतर कोरडा पडलेला पोहण्याचा तलाव, त्यानंतर जुनी कातडी कमावायची शेड. दोनशेची आठशे पोरं झाली. लांबच्या शहरांतून गाड्या करून यायची, आणि यायची ती त्या पोकळीसाठी. थांबा जवळ आला की आधीच डोळे मिटून घ्यायची. चिमीनं तो नमुना प्रत्येक गाण्याला लावला होता. लावताना ती आता विचारही करत नसे, भाजीत मीठ टाकावं तसं.

आणि घरी मशीनचा आवाज गेला.

सकाळी चिमीला जाग आली ती दहाला. आज मावशीला बरं नाही की काय म्हणून ती धडपडत उठली, तर मावशी खिडकीशी शिवत बसलेली. पाय पायडलवर खालीवर, चाक गरगर फिरतंय, सुई कापडात घुसतेय आणि निघतेय. चिमीनं मशीनच्या लाकडावर तळवा ठेवला. लाकूड थरथरत होतं. मग कान टेकवला. गार लाकूड, बाकी काही नाही.

"तेल घातलंस का मशीनला?" तिनं विचारलं.

मावशीनं टाचण्या ओठांत धरूनच मान हलवली. नाही.

दुपारी मावशी बाहेर गेल्यावर चिमीनं स्वतः मशीन चालवून पाहिलं. खडखड खडखड, सगळी आळी ऐकेल असं. मावशी परतली, बसली, पाय मारू लागली, आणि आवाज बंद. चिमीनं मायक्रोफोन मशीनला अगदी चिकटवून ठेवला. पडद्यावर रेघ उठायला हवी होती. रेघ सपाट. खिडकीबाहेर गाडीचा भोंगा वाजला तेव्हा ती टणकन उडाली आणि पुन्हा आडवी झाली. म्हणजे मायक्रोफोन ठीक होता.

तिनं मावशीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. खरं तर स्वतःला न्यायचं होतं, पण हे सांगायचं कसं. डॉक्टरांनी दोघींचे कान तपासले. दोघींचे उत्तम. बाईंनी जरा मोठ्यानं बोलावं, एवढाच सल्ला त्यांनी दिला, कारण डॉक्टरांना मावशीचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

५

आवाज खालच्या सुरांपासून जात गेला. आधी मावशीच्या बोलण्यातला जाडपणा गेला, मग ऊब गेली, आणि शेवटी पातळ पत्र्यासारखं काहीतरी राहिलं. दर शनिवारनंतर थोडं कमी. हे चिमीच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. सोमवारी ध्यानात यायचं, आणि शुक्रवारपर्यंत ती ते मनाआड करायची. एखादं माणूस वाजवल्या गाण्यानं झिजतं, असं शहाण्या माणसानं मानायचं तरी कसं? आणि मानलं, तर मग शनिवारचं काय?

एके संध्याकाळी मावशी कपाटाला टेकून उभी राहिली. बराच वेळ उभी असावी.

"चिमे, मी तुला हाका मारतेय," ती म्हणाली. पाण्याखालून आल्यासारखा आवाज. "ऐकू येत नाही का तुला?"

"येतं की. कामात होते."

"मला नाही येत," मावशी म्हणाली. "माझं मला. डोक्यात बोलते तसं वाटतं. काल भांडं पडलं हातातून, तर खाली बघेपर्यंत कळलं नाही पडलं ते."

चिमीनं मावशीचा हात धरला. मावशीची बोटं सुईनं खरखरीत झालेली. चिमीच्या बोटांवर घासली तरी त्याचाही आवाज नाही. पुढच्या शनिवारी रेल्वेच्या जुन्या डेपोत दीड हजार लोक येणार होते. पाच गाणी होती. चिमीनं मनाशी ठरवलं, एवढं एकदाच, मग तो नमुना काढून टाकायचा.

तिनं वाजवलं. पोकळी आली तेव्हा दीड हजार माणसं गप्प झाली आणि चिमीलाही, खरं सांगायचं तर, फार गोड वाटलं.

घरी आली तेव्हा मावशी मेजाशी उभी होती. ओठ हलले. पुन्हा हलले. मग मावशीनं गळ्याला हात लावला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते चिमीनं आई गेली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. काळ्या कोटाचं कापड मेजावर पसरलेलं होतं. मावशीनं मापाचा खडू उचलला आणि त्यावर वाकडंतिकडं लिहिलं: काय झालं गं मला?

६

चिमीनं त्याच रात्री नमुना गाण्यांवरून उतरवला. काही झालं नाही. गाणी हजारो फोनांत गेलेली होती, कुठं कुठं उतरवणार? मग तिनं तो नुसता नमुनाच वाजवून पाहिला, बारक्या स्पीकरवर, हळू आवाजात. सपातांची चार पावलं, कात्री, मोकळं, खोकला, टाके, हं.

कपाटापलीकडे काहीतरी वाजलं. चिमी उठून धावली. मावशी पाणी प्यायला उठली होती, आणि तिच्या सपाता वाजत होत्या. फट, फट. मावशी जागच्या जागी थांबून पायांकडे बघत होती. मग नमुना संपला. मावशीनं पुन्हा एक पाऊल टाकलं. काही नाही. पुन्हा टाकलं, जोरानं. पाय आपटला. काही नाही.

चिमी रात्रभर बसून होती. तिला एकच मार्ग दिसत होता. जे मोठ्या स्पीकरांतून गेलं ते मोठ्या स्पीकरांतूनच परत येईल. एवढ्या लोकांपुढे गेलं, तर तेवढ्यांपुढेच परत बोलवायला हवं. याला काही आधार होता का? नव्हता. पण बारक्या स्पीकरवर दोन पावलं आली होती, ती तिनं स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

पुढचा मेळा विमानांच्या रिकाम्या शेडमध्ये होता, दोन मजली उंच स्पीकरांची भिंत, चार हजार माणसं. चिमीनं आपला बेत दाढीला सांगितला. त्यानं दाढी खाजवली.

"तुझी पोकळी ऐकायला येतायत ते," तो म्हणाला. "घरातला खडखडाट नाही. एकदा हसं झालं ना, की पुन्हा कुणी बोलावणार नाही तुला. मीसुद्धा नाही."

"नको बोलावूस," चिमी म्हणाली.

शनिवारी साडेतीनला ती उभी राहिली. ठोके चढवले, टोकाला नेले, तोडले. चार हजार माणसांनी डोळे मिटले. आणि त्या काळ्याभोर जागेत तिनं मावशीला सोडलं. दोन मजली सपाता चालल्या. कात्री शेडच्या छतावर जाऊन आदळली. खोकला आला, टाके पडले, "हं" झालं. अकरा सेकंद संपले.

अकरा सेकंद पुरणार नव्हते. मग तिनं तेच केलं जे या कामात पहिल्या दिवशी शिकवतात, जे तिचे हात झोपेतही करतील. शेपटीला तोंड जोडलं आणि तुकडा गोल फिरत ठेवला. पुन्हा सपाता, पुन्हा कात्री. पुन्हा. तासभर.

आधी लोक थबकले. मग मागच्या बाजूला कुणीतरी खोकल्यावर पाय टाकला, टाक्यांवर खांदे हलवले. दहा मिनिटांत चार हजार माणसं मावशीवर नाचत होती. दाढी बाजूला उभा राहून दोन्ही हातांनी डोकं धरून हसत होता.

७

जिन्यात पोचल्या पोचल्या तिला ऐकू आलं. दारामागे सपाता वाजत होत्या. मेजावर कात्री पडली. चिमी पायरीवर बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. खोकला आला. तोच दुहेरी खोकला, ज्याच्यावरून तिनं किती आदळआपट केली होती. मशीन चाललं. "हं".

तिनं डोळे पुसले. किल्ली काढली. आत पुन्हा सपाता वाजल्या, चार पावलं. कात्री. मोकळं. खोकला.

किल्ली कुलपात तशीच राहिली. चिमीचे कान तिच्या परवानगीशिवाय मोजू लागले होते. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. टाके. सात, आठ. हं. आणि सपाता.

तिनं दार उघडलं.

मावशी खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. हात मांडीवर. अनवाणी. सपाता पलंगाखाली नीट जोडून ठेवलेल्या. मशीनवर टोपण होतं. कात्री खिळ्याला अडकवलेली. आणि स्टुलावर स्तब्ध बसलेल्या त्या बाईकडून सपातांची चार पावलं वाजली, बसल्या जागी, एकामागून एक.

मावशीनं वर पाहिलं. ओठ हलले, खूप हलले, काहीतरी लांबलचक सांगत होती, हातवारे करत होती. त्यातलं एक अक्षर आलं नाही. तोंड मिटल्यावर खोकला आला. खोकताना तिची छाती हलली नाही.

मग तिनं खडू घेतला. काळ्या कापडावर आधीचं पुसून लिहिलं: आला ना आवाज?

ती चिमीच्या तोंडाकडे अशी आशेनं बघत होती, की चिमीनं मान डोलावली.

८

दाढीचे फोन येत राहिले. लोकांना तेच हवं होतं, घरवालं, खोकल्याचं. याआधी असं काही झालंच नव्हतं म्हणाला. परदेशातून कुणीतरी विचारत होतं. चिमीनं फोन उचलणं बंद केलं. संगणकाची वायर भिंतीतून काढली, तरी मावशी वाजत राहिली. नमुना पुसला, तरी वाजत राहिली. मावशी झोपली की अंथरुणातून सपाता चालायच्या. जेवताना मशीन चालायचं. बेकरीवाली एकदा दारापर्यंत आली, दोन फेरे ऐकले आणि कोट न घेता गेली.

तेवीस वर्षांची पोर हिशोब करत बसायची. एकोणीस वर्षं ही बाई आपल्या कानाशी होती. झोपवताना काही गुणगुणली असेल, ताप आला तेव्हा काही बोलली असेल, रागावली असेल. चिमीनं जगातली शटरं टिपली, नळ टिपले. मावशीचे टिपले ते अकरा सेकंद, तेही फेकून द्यायला. आणि त्यात एक शब्द नाही, कारण तोंडात टाचण्या होत्या.

कात्रीनंतर आणि खोकल्याच्या आधी ती मोकळी जागा होती. सव्वा सेकंदाची. बाकी सगळा वेळ खोली मावशीच्या आवाजानं भरलेली असायची आणि मावशीला दुसरं काही ऐकूच जायचं नाही. चिमीनं ती जागा हेरली. कात्री पडली की ती एक शब्द बोलायची, मग थांबायची. अकरा सेकंदांनी दुसरा.

मावशी.

मी.

इथंच.

आहे.

मावशी मान हलवायची. एक वाक्य बोलायला मिनिटभर लागायचं, दिवसभराचं सांगायला दुपार जायची. दोघी समोरासमोर बसायच्या, मधे मेज. चिमी सगळं सांगून मोकळी झाली, मायक्रोफोन कपाटावर ठेवला तिथपासून. मावशीनं खडू उचलला नाही. नुसती बघत राहिली.

नवव्या दिवशी सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून कात्री पडली तेव्हा चिमी गप्प राहिली. सव्वा सेकंद रिकामा गेला.

रिकामा गेला नाही. त्यात एक श्वास होता. नमुन्यात त्या जागी श्वास नव्हता, हे चिमीइतकं जगात कुणाला ठाऊक असणार? आत ओढलेला, घाईचा, माणूस काही बोलायला तोंड उघडतं तसला. मावशीचे ओठ मात्र घट्ट मिटलेले होते. ती खिडकीबाहेर बघत होती.

आणि खोकला येऊन त्यावर पडला.

चिमीनं स्टूल पुढे ओढलं. टाके गेले, "हं" गेलं. चार पावलं गेली. आता तिनं आपला श्वास रोखून धरला होता. कात्री मेजावर पडली, आणि त्या जागेत कुणीतरी तिच्या नावाचं पहिलं अक्षर घेतलं, आणि खोकला आला.

ती अजून तिथंच बसलेली आहे. नाव मोठं नाही, दोनच अक्षरांचं आहे. पण जागा सव्वा सेकंदाची आहे, आणि बोलणाऱ्याला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.